नादारीची तोंडी परीक्षा

आमच्या सरांचा घड्याळावर पूर्ण विश्वास होता आणि समुद्रावर अजिबात नव्हता. पालघरच्या नव्या कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायचे. साठचं दशक संपत आलं होतं, कॉलेजच्या मागच्या भिंतीला अजून गिलावासुद्धा झालेला नव्हता, आणि सर मात्र त्या इमारतीच्या आधीपासून तिथे उभे असावेत असे दिसायचे. उंच, किडकिडीत, साताऱ्याकडचे. पँटच्या दोन्ही पायांना घोट्याशी सायकलच्या क्लिपा लावलेल्या. वर्गात क्लिपा, बाजारात क्लिपा, झेंडावंदनालाही क्लिपा. सायकल मात्र त्यांच्याकडे नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "घ्यायची आहे." मी कॉलेज सोडलं तोवर तरी ती घेतलेली नव्हती.

त्यांचा आवडता शब्द 'म्हणून'. कुणीही काहीही सांगितलं की सर मान तिरकी करून विचारायचे, "म्हणून?" आणि पुढचं वाक्य येईपर्यंत थांबायचे. स्टेशनासमोरचा हॉटेलवाला एकदा त्यांना म्हणाला, "सर, दूध नासलंय."

"म्हणून?"

"म्हणून आज काळा चहा."

"ठीक," सर म्हणाले, "आता युक्तिवाद पूर्ण झाला." आणि काळा चहा आवडत नसतानाही तो शांतपणे प्यायले. तर्कानं आलेली गोष्ट नाकारायची नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यापायी त्यांनी आयुष्यात बरंच काय काय नावडतं गिळलं असणार.

कॉलेजात आम्हा पुष्कळ पोरांना नादारी होती. नादारी म्हणजे फी माफ. सगळ्या गावांतून शिकणारी पहिलीच पिढी. फी भरण्याची ऐपत कुणाच्या घरात? पण ती एकदा मिळाली की मिळाली, असं नसे. दर सत्राला ती टिकवावी लागे. हजेरी पुरेशी हवी, वागणूक नीट हवी, आणि सत्र परीक्षेत सगळ्या विषयांत पास व्हायला हवं. एखाद्या विषयात घसरगुंडी झालीच, तर एकच वाट होती. नादारीचं काम बघणाऱ्या प्राध्यापकानं 'प्रगती समाधानकारक' असं लिहून खाली सही करायची. मग नाव ठाण्याच्या कचेरीत जाणाऱ्या यादीत राहायचं. सही नसेल तर नाव गळालं, आणि नावाबरोबर कॉलेजही.

हे काम कुणालाच नको होतं, म्हणून ते सरांच्या गळ्यात पडलं. दुसरा कुणी असता तर दहा मिनिटांत सह्या ठोकून मोकळा झाला असता. सर तो नियम घेऊन प्रिन्सिपॉलांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "प्रगती समाधानकारक. समाधान कोणाचं?"

"तुमचं, आणखी कोणाचं!" प्रिन्सिपॉल वैतागले.

"माझं समाधान अर्ध्या कप चहानं होतं. त्याला काय अर्थ आहे? पोरांच्या घरच्यांनी घरातला एक कमावता हात आपल्याकडे पाठवलाय. तो इथं काय करतो ते त्यांना कळलंय का? त्यांचं समाधान झालं तर मी सही करीन."

प्रिन्सिपॉलांनी कपाळाला हात लावला, असं शिपाई नंतर सगळ्यांना सांगत होता. पण कामाला दुसरा माणूस नव्हता. आणि अशी सुरू झाली सरांची तोंडी परीक्षा. ज्याची नादारी लटकली असेल त्याच्या घरी सर रविवारी जायचे. विद्यार्थ्यानं त्या सत्रातला एक धडा घरच्या माणसाला घरच्या बोलीत समजावून सांगायचा. मग सर घरच्या माणसाला विचारायचे, "कळलं?" 'कळलं' असं उत्तर आलं की सही. मात्र एक अट होती. या उत्तरावर काय अवलंबून आहे ते घरच्यांना सांगायचं नाही. "सांगितलं तर दया येईल," सर म्हणायचे, "आणि दया आली की परीक्षा गेली."

बेटेगावच्या एका मुलाची परीक्षा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. त्यानं आपल्या आजीला इतिहास सांगायला घेतला आणि आजी बसल्या जागी झोपली. मुलाचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "झोप हे उत्तर नाही," आणि ओटीवर मांडी घालून बसून राहिले. दुपार कलल्यावर आजीला जाग आली. समोर हा उंच परका माणूस बघून ती म्हणाली, "पोरगा पास झाला का?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मंग झाला की!"

हा युक्तिवाद ग्राह्य धरावा की नाही, याचा विचार करत सर बेटेगावापासून बोईसर स्टेशनापर्यंत चालत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली, पण दिवसभर अस्वस्थ होते.

घिवलीच्या मुलाचं प्रकरण आणखी वेगळं. तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि आसपासची निम्मी तरणी पोरं तिथं रोजावर जात. हा मुलगा वर्ग बुडवून तिथं सिमेंटची घमेली वाहायचा, साहजिकच नापास झाला. सर त्याच्या घरी गेले तर घरात कुणी नाही, सगळे कामावर. मग सर थेट बांधकामावर पोचले. घरचं कुणी सापडेना, तेव्हा मुकादमालाच त्यांनी उलट्या घमेल्यावर बसवलं. मुलानं घाबरत घाबरत, मोडक्या हिंदीत त्याला पावसाचे वारे कुठून येतात ते सांगितलं. मुकादम म्हणाला, "समझ गया साब, सब समझ गया। लेकिन लड़का काम का है, इसको मत ले जाओ।"

सरांनी तिथेच उभ्या उभ्या सही केली. हा परीक्षक मुलाच्या घरचा नव्हता, यावर प्रिन्सिपॉलांनी हरकत घेतली, तर सर म्हणाले, "ज्याच्याजवळ तो दिवसभर असतो तो घरचा." मुलगा मात्र पुढं कामावरच राहिला, त्याला सर काय करणार?

आणि मग माझी पाळी आली.

मी मुरब्याची. घरात मासेमारी. बाबा बोटीवर, आई मासळी विकायला पालघरच्या बाजारात, आणि घरी असेल तेव्हा बोंबील वाळत घालायला. आमच्या आळीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, त्यामुळे मी नापास झाले हे कळायला आळीला एक दिवससुद्धा लागला नाही. नापास झाले होते ते सरांच्याच तर्कशास्त्रात. त्यांचा तास सकाळी पहिला. मुरब्याहून सातपाटीला खाडी ओलांडून होडीनं जायचं, तिथून एस.टी.नं पालघर. भरती असली की होडी चालायची. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडायचा, तेव्हा वाट बघत बसायचं. भरतीची वेळ रोज पुढं सरकते, आणि सरांचा तास तिथल्या तिथं. मी उशिरा पोचले की सर दारातच अडवायचे. मी सांगायचे, "सर, खाडीला पाणी नव्हतं."

"म्हणून?"

"म्हणून होडी नव्हती."

"समुद्राची सही आणलीस का?"

वर्ग हसायचा. मला रडू यायचं. त्यांच्या वर्गातला निम्मा विषय मी असा खाडीच्या काठावर बसून घालवला.

नादारी गेली असती तर माझं कॉलेज संपलंच होतं. घरात त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, पण सातपाटीचं एक स्थळ येऊन गेलेलं मला ठाऊक होतं. माझी परीक्षा आईसमोर होणार हे ठरल्यावर मी मनात म्हटलं, चला, निभावलं. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण बाजारात तिला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

पहिल्या रविवारी सर दहा वाजता आले. खाडी भरलेली होती, त्यामुळे कोरडे ठणठणीत. आईनं त्यांना बाकड्यावर बसवलं आणि स्वतः खाली सुक्या बोंबलांचा ढीग निवडत बसली. दारात आळीतल्या बायका गोळा झाल्या. कॉलेजचा मास्तर घरी आलाय म्हणजे पोरीनं नापास होण्यापलीकडेही काहीतरी मोठा पराक्रम केला असणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

मी पुस्तकातल्यासारखी सुरुवात केली. सगळी माणसं मरणारी आहेत, अमका माणूस आहे, म्हणून अमका मरणार. आई म्हणाली, "ह्या सांगाया कालेज पायजे?"

बायका खिदळल्या. मग मी पुस्तक बाजूला ठेवलं.

"आये, बग. सगले बोंबील म्हावरा हाय ना?"

"हाय."

"सगले सरंगे बी म्हावरा हाय?"

"हाय."

"मंग बोंबील म्हंजे सरंगा का?"

दारात हास्याचा एकच फवारा उडाला. दोन्ही म्हावरं, म्हणजे मासळी, पण एकाच टोपलीत आल्या म्हणून दोन गोष्टी एक होत नाहीत, हे मी याहून सोपं करून सांगू शकत नव्हते. माझी छाती फुगली. सरांनी आईला विचारलं, "कळलं?"

आईनं हातातला बोंबील उलटा करून बघितला, बाजूला ठेवला. "मना काय समजला नाय," ती म्हणाली.

"कुठपर्यंत कळलं?"

"कुठपरंतच नाय."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. आयुष्यभर मासळी विकलेली बाई सांगत होती की बोंबील आणि सरंगा यांच्यातला फरक तिला समजला नाही! आळीतलं शेंबडं पोरही यावर विश्वास ठेवणार नाही. पण सरांनी मान डोलावली, उठले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो."

होडीपर्यंत मी त्यांच्यामागून गेले. "सर, तिला कळलंय. ती मुद्दाम करते."

"मुद्दाम हा पुरावा नाही," सर म्हणाले.

दुसऱ्या रविवारी सर पुन्हा दहालाच खाडीवर आले. मागच्या रविवारी दहाला पाणी होतं, म्हणून आजही असणार. सातपाटीच्या लोकांनी त्यांना थांबायला सांगितलं, पण घड्याळापुढं ते कुणाचं ऐकणार? आठवडा उलटला की आमच्याकडे भरतीच्या जागी ओहोटी येते, हे आळीतल्या रांगत्या पोरालाही कळतं. सर खाडीत उतरले आणि मधोमध गुडघ्यापर्यंत रुतले. दोन बायकांनी ओढून त्यांना आमच्या काठाला आणलं. बूट चिखलात गेले, पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली, क्लिपा मात्र जागच्या जागी होत्या.

"मागच्या रविवारी दहाला पाणी होतं," ते आईला तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"मंग, मास्तर? पानी काय तुमच्या घड्यालावर चालते?" आईनं त्यांच्या पायांवर पाण्याची कळशी ओतली.

त्या दिवशी मी दुसरा धडा घेतला. आई हातातलं काम सोडून ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "वर्गात किती पोरी हाईत? तू कोनाच्या बाजूला बसतस? भूक लागली का काय खातस?" मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. सर म्हणाले, "विषयाला धरून." शेवटी सरांनी विचारलं, आणि ती म्हणाली, "नाय समजला."

आता मला राग आला होता, आणि तो आठवडाभर धुमसत राहिला. मला वाटलं, तिला ते सातपाटीचं स्थळ पसंत आहे. तोंडानं सांगायचं धाडस नाही, म्हणून मास्तरच्या हातून माझं कॉलेज बंद करतेय. आळीत एवढी कुजबुज चालली असताना तिला काहीच ठाऊक नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिकडे प्रिन्सिपॉलांनी सरांना निर्वाणीचं सांगितलं, सोमवारी यादी ठाण्याला जाणार. सही करा नाहीतर नाव काढा. सर त्यांना म्हणाले, "बाई नाही म्हणतात. मी हो कसं लिहू?" हे मला शिपायाकडून कळलं, आणि आईइतकाच मला सरांचाही राग आला. एका सहीनं या माणसाचं काय जाणार होतं?

तिसऱ्या रविवारी आईनं घर सारवून ठेवलं होतं. सर आमच्याकडचं म्हावरं खाणार नाहीत म्हणून मुद्दाम वालाची उसळ आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. दारात आज बायकाही नव्हत्या, तिनंच त्यांना पिटाळलं असावं. आई सरांना वाढत होती आणि मी मन लावून सांगत होते. इतकं स्पष्ट मी परीक्षेत लिहिलं असतं तर हा प्रसंगच आला नसता. आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सरांनी विचारलं, "कळलं?"

"नाय."

सरांनी खाली बघितलं. खिशातला सहीचा कागद त्यांनी बाहेरही काढला नाही.

मी उठून उभी राहिले. "खोटं बोलतेस तू! उद्या माझं नाव जाणार, कॉलेज बंद होणार, तेच पाहिजे ना तुला? सरळ सांगायचं, मग मास्तरांना तीन-तीनदा कशाला यायला लावलंस?"

"हे तू सांगायला नको होतंस," सर पुटपुटले.

आई आधी माझ्याकडे आणि मग सरांकडे बघत राहिली. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "कालेज बंद? कोनाचा कालेज बंद? मास्तर, ही काय बोलते?"

सरांना नियम मोडावा लागला. त्यांनी तिला सगळं सांगितलं. नादारी काय, सही कशाची, तिच्या एका शब्दावर काय अडलंय. सांगताना त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. आईनं हातातली भाकरी टोपलीत ठेवली.

"मना कोन काय बोललाच नाय," ती म्हणाली. "बोंबील नि सरंगा मना नाय समजनार? पयल्याच दिशी समजला. पन मना वाटला, समजला बोलले का मास्तर परत येनार नाय. नि मास्तर नाय आला, तं ही मना सांगनार नाय." मग ती माझ्याकडे वळली. "तू एवरी शिकतस, काय शिकतस ते मना कवा कलला? सकाली मी पाटी घेऊन बाजारात, सांजला तू खाडीवर. घरात आली का तू दमलेली, मी बी दमलेली. ह्या तीन रविवारी माजी पोर माज्यासमोर बसून माज्याशी बोलते. मी कशाला बोलू समजला म्हनून?"

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आठवडाभर साठवलेला राग एका क्षणात गेला आणि त्या जागी काय ठेवावं ते कळेना. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि दोघी रडलो, बस.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "चूक माझी आहे, बाई," ते म्हणाले. "जो कळलं नाही म्हणतो त्याला कळलेलंच नसतं, हे मी गृहीत धरलं. गृहीत चुकलं की पुढचं सगळं चुकतं. हे मी दरवर्षी शिकवतो." मग त्यांनी कागद काढला, मांडीवर ठेवला, 'प्रगती समाधानकारक' असं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि सही केली. कागदावर वालाच्या उसळीचं बोट उमटलं, ते ठाण्याच्या कचेरीत कुणाला दिसलं असेल तर दिसलं असेल.

आईनं डोळे पुसले. "आता झाला ना मास्तर? मंजे आता तुमी येनार नाय."

"आता येण्याचं कारण उरलं नाही," सर म्हणाले. ते उठले, दारापर्यंत गेले, तिथं थांबले. मान तिरकी करून बराच वेळ ते बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला अर्थशास्त्रही आहे ना?"

"आहे."

"तो विषय मला काडीचा येत नाही. पुढच्या रविवारी तो सांग. मीही ऐकतो."

पुढच्या रविवारी सर खरंच आले. यादी सोमवारीच ठाण्याला गेली होती, माझं नाव तिच्यात होतं, कुणाचंच काही अडलेलं नव्हतं. आई आणि सर बाकड्यावर शेजारी शेजारी बसले आणि मी त्यांना मागणी, पुरवठा, भाव, सगळं अगदी जीव तोडून समजावलं. संपल्यावर सरांनी सवयीनं आईकडे बघून विचारलं, "कळलं?"

आईनं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "नाय," ती म्हणाली.

"मलाही नाही," सर म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा."